अकरावा प्रश्न

गेल्या बुधवारी दुपारी मी माझ्याच जुन्या विभागात पेशंट म्हणून गेले. महिनाभर डोकं ठणकत होतं आणि डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला होता, एवढंच निमित्त. त्या तळघरात मी चोवीस वर्षं सिस्टर होते. यंत्राच्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला दाराबाहेर बसवायचं, फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे, अंगावरचं लोखंड उतरवून घ्यायचं आणि मगच आत सोडायचं, हे माझं काम.

निवृत्तीनंतर तिथे काही बदललेलं नव्हतं. तीच बिनखिडकीची खोली, तोच फिनेलचा वास आणि भिंतीपलीकडून येणारी यंत्राची तीच टकटक. कुणी आत नसलं तरी ती चालूच असते. चुंबक झोपत नाही, असं मी नव्या मुलींना शिकवायचे.

माझ्या जागी आता जी मुलगी आहे, ती माझ्याच हाताखाली तयार झालेली. कानातलं, बांगड्या, केसातले चाप तिने ट्रेमध्ये काढून घेतले. ब्लाउजला हूक असतात म्हणून दवाखान्याचा झगा घालायला लावला. "दात तेवढे माझेच आहेत गं, ते राहू देत," मी म्हटलं. ती हसली. मग फॉर्म पुढे ओढून माझ्याकडे न बघताच एकेका 'नाही'वर खुणा करत सुटली.

"अगं, विचारतेस कुठे?"

"ताई, तुम्हाला काय विचारायचं? प्रश्न तुम्हीच तर शिकवलेत. पेसमेकर नाही, ऑपरेशन नाही. मला माहीत नाही का?"

तिला रागावायला तोंड कुठे होतं मला? त्या फॉर्मवर एकदा मीही न विचारताच 'नाही' लिहिलं होतं.

नऊ वर्षं झाली त्याला. जेवायची वेळ टळून गेली होती आणि बाहेर सात जण ताटकळत होते. एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, शाळेत कारकून. अकरावा प्रश्न असा आहे : लेथ मशीनवर किंवा ग्राइंडरवर काम केलंय का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? 'हो' म्हटलं की आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायचा. कारण असा कण वर्षानुवर्षं डोळ्यात गुमान बसून राहतो आणि चुंबकासमोर गेला की हलतो. कारकुनाचा आणि लेथचा काय संबंध, असं मनाशी म्हणून मी खूण करून टाकली. त्यांनी न वाचताच खाली सही केली.

तरुणपणी त्यांनी चार वर्षं कारखान्यात काढली होती.

थोड्याच वेळात आतून बेल वाजली. बाहेर घेतलं तेव्हा ते ओरडले नाहीत. उजव्या डोळ्यावर तळहात दाबून बसले होते आणि बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. "सिस्टर," ते हळूच म्हणाले, "हे तुम्ही विचारलंच नाहीत हो..."

चौकशीत मी सांगितलं की विचारलं होतं, तेच 'नाही' म्हणाले. कागद माझ्या बाजूने बोलत होता. माझी नोकरी राहिली, त्यांचा डोळा गेला. दोन वर्षांनी ते वारल्याचं कळलं, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज मला आजही वाटते.

तर मुलीचं पेन अकराव्या प्रश्नाशी पोचलं आणि फिनेलचा वास एकाएकी नाहीसा झाला. त्याजागी जळक्या लोखंडाचा वास आला, मशीनच्या तेलाचा... कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं. इस्त्रीचा शर्ट. उजव्या डोळ्यावर तळहात.

"कोण आहे गं तिथे?"

"कुठे, ताई?"

"खुर्चीवर..."

तिने वळून पाहिलं. "रिकामी आहे. बरं वाटतंय ना तुम्हाला?"

ते माझ्याकडे बघतही नव्हते. डाव्या डोळ्याने तिच्या हातातल्या कागदाकडे बघत होते. चेहऱ्यावर राग असता तर मला परवडलं असतं.

"थांब," मी म्हटलं. माझाच आवाज मला ऐकू येईना. "अकरावा प्रश्न विचार मला... तोंडाने विचार."

तिने विचारला. मी 'नाही' म्हणाले. खोटं नव्हतं ते, लेथ मशीन मी कधी जवळून पाहिलेलंसुद्धा नाही. खुर्चीवरच्या माणसाने अगदी सावकाश नकारार्थी मान हलवली.

"आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायला पाठव मला."

माझं मन राखायला म्हणून तिने पाठवलं. तासाभराने ती फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून उभी होती. उजव्या डोळ्याच्या खोबणीत पांढरा ठिपका होता, तांदळाच्या कणीएवढा. असा ठिपका मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, त्यांच्या फायलीत.

मुलीचा चेहरा उतरला होता. मला तसंच आत सोडलं असतं तर काय झालं असतं, ते तिला समजावायची गरज नव्हती.

"ताई, हे कधी गेलं डोळ्यात?"

"नऊ वर्षांपूर्वी," मी म्हणाले. मग तिला सगळं सांगितलं, चौकशीत लपवलेलंही. तिने 'नाही' खोडून 'हो' लिहिलं. खुर्ची तोवर खरोखरच रिकामी झाली होती.

त्यानंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं, नवे एक्स-रे काढले. त्यांत ठिपका नाही. पहिल्या फिल्मवर डाग पडला असेल, बिनधास्त आत जा, म्हणतात. परवाची तारीख दिली आहे. डोकं तर ठणकतंच आहे.

पण घरी फ्रिजच्या दारावर एक लहानसं चुंबक आहे, चिठ्ठ्या अडकवायचं. त्याच्याजवळून गेले की माझा उजवा डोळा आतून जरासा ओढला जातो.