पाटीची उजवी बाजू

गुलमंडीत सोमनाथ ज्या दिवशी सुलेखाच्या शिडीवर धडकला, त्या दिवशी चूक सरळसरळ त्याचीच होती. डोळा कॅमेऱ्याला लावून, जुन्या पाट्या टिपत माणूस भर बाजारात उलटा चालायला लागला, तर दुसरं काय होणार? शिडी हलली, डबा कलंडला आणि लाल रंग त्याच्या खांद्यावरून ओघळला.

"दिसत नाय का?" वरून आवाज आला.

त्यानं मान वर केली. ओढणी कमरेला खोचलेली, कानामागं ब्रश, आणि डोळ्यांत चांगलाच राग...

"आत्ता दिसलं," तो म्हणाला.

"रंगाचं म्हणतेय मी! रॉकेलनं पुसा, नायतर शर्ट गेला."

"जाऊ द्या. लई जुना शर्ट आहे."

साफ खोटं. शर्ट कालच घेतलेला होता.

सुलेखाला अजूनही कुठं टर्पेंटाइनचा वास आला की तो हिवाळा आठवतो. सोमनाथ गारखेड्याचा. लग्नांचं शूटिंग करून पोट भरायचा, पण एकदा तरी स्वतःची फिल्म करायची, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. विषय ठरलेला... फकिरा पेंटरच्या पाट्या. आणि फकिरा पेंटर म्हणजे सुलेखाचे अण्णा.

अण्णा तरुणपणी देवगाव रंगारीहून शहरात आले आणि इब्राहीम उस्तादांच्या हाताखाली राहिले. उर्दू त्यांना वाचता येत नव्हतं, पण उस्तादांनी अक्षरांचं वळण असं काही गिरवून घेतलं, की कापडवाले त्यांच्याशिवाय कुणाला पाटीला हात लावू देत नसत. फ्लेक्सनं बाजार खाल्ला, तरी गुलमंडीतली चार दुकानं अण्णांना धरून होती. बाजारात सगळे सांगत, बापलेक घरी एकाच पाटीला दोन टोकांनी भिडतात. अण्णा उजवीकडून उर्दू, सुलेखा डावीकडून मराठी. दोघं मधे भेटले की चहा!

सोमनाथ त्या चहाच्या वेळेवर बरोब्बर त्यांच्या घरी हजर व्हायचा.

"शूटिंगला येता का चहाला?" ती विचारायची.

"दोन्हीला नाही," तो कॅमेऱ्याआडून म्हणायचा, आणि सुलेखाची एखादी वेलांटी हमखास वाकडी जायची.

पण एका दुपारी तो न सांगता, चहाच्या बराच आधी आला. खिडकीतून ऊन आत उतरलं होतं. अण्णा भिंतीला टेकून डुलकी घेत होते, आणि त्यांचा मांडीवरचा उजवा हात झोपेतही थरथरत होता. सुलेखा पाटीच्या उजव्या बाजूला बसली होती. उर्दू ओळ तीच लिहीत होती, अण्णांच्याच वळणानं, श्वास रोखून. सोमनाथनं भान हरपून कॅमेरा सुरू केला.

चाहूल लागून ती वळली. चेहरा पांढराफटक.

"हे दाखवायचं नाय."

"सुलेखा, अख्ख्या फिल्ममध्ये असं दृश्य नाही —"

"अण्णांचा हात गेलाय. बाजारात कुणाला ठाऊक नाय. उर्दू ओळ फकिरा पेंटरची, हीच त्यांची इज्जत. ती गेली तर ते खचतील हो! शब्द द्या मला."

त्याचा चेहरा उतरला. तरी त्यानं शब्द दिला, एकदाही समजूत घालायला न बसता. त्याच क्षणी सुलेखाला कळलं, की हा माणूस आपल्याला आवडतो. चांगलाच आवडतो. आणि नेमका तेव्हापासून तो कामापुरतं बोलून, चहा न घेताच निघायला लागला.

फिल्मचा पहिला खेळ एका छोट्या सभागृहात झाला. अवघी गुलमंडी लोटली होती. जुन्या पाट्या पडद्यावर आल्या तशी माणसं आपापली दुकानं ओळखून हसू लागली, काहींनी डोळे पुसले. टाळ्या थांबता थांबेनात. मग अण्णांना माइक दिला.

"फिल्म झकास हाय," अण्णा म्हणाले. "पण पाटीच्या उजव्या बाजूला बसणारी माझी लेक कुठं हाय तिच्यात?"

अण्णांनी उजवा हात वर धरला. तो लटलट कापत होता.

"बघा. दोनेक सालं झाली, तुमची उर्दू ओळ सुलेखा लिहिती. आपल्या तोंडानं सांगायची हिंमत होईना. वाटलं, हा पोरगा दाखवील समद्यांला... म्हणून तर घरात घेतलं त्याला!"

"क्या बोलते फकिराभाई!" कापडवाले रिझवानशेठ उठलेच. "मी तर म्हणत होतो, या वयात तुमचा हात सुधरला कसा!"

सगळे खदाखदा हसले. अण्णासुद्धा.

सोमनाथ उभा राहिला. "चुकलं अण्णा. माझंच चुकलं." सुलेखाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

तिला राहवलं नाही. "त्यांचं नाय चुकलं," ती उठून म्हणाली. "मीच अडवलं होतं त्यांना."

गर्दी पांगल्यावर तो तिला बाहेर पायऱ्यांवर भेटला.

"फिल्म पुन्हा जुळवावी लागणार. उद्या कॅमेरा घेऊन येतो."

"उद्या कॅमेरा नको."

"मग?"

"अण्णांशी बोला. माझ्याशी जे बोलायचं राहून गेलंय... ते."

नवरानवरींना 'जरा हसा' म्हणून सांगणाऱ्या सोमनाथला स्वतःचंच हसू आवरेना.

"आणि अण्णा नाही म्हणाले तर?"

"त्यांचं ते म्हणतील. मी व्हय म्हणलेय."

एवढं बोलून ती भराभर पायऱ्या उतरली, रिझवानशेठशी गप्पा मारत उभ्या असलेल्या अण्णांकडे गेली, आणि त्यांचा तो थरथरता हात तिनं सगळ्यांदेखत आपल्या हातात घेतला.