शिकायला गेलेला सारोम

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. मी सिएम रीपला रिक्षा चालवतो. त्या दुपारी अंगकोर वाटच्या घुमणाऱ्या खोलीत मी स्वतः होतो.

पितरांचा पंधरवडा चालू होता. केसोरमावशी बाट्टामबांगहून पहिल्यांदाच देऊळ बघायला आली होती. बघून म्हणाली, "आपल्या देशाच्या झेंड्यावर केवढंसं दिसतं रे."

मी हसलो. पण माझ्या मनात तिच्या नवऱ्याचा, सारोमचा विषय होता.

देशात लाखो माणसं मारली गेली त्या वाईट वर्षांत, राजवटीची काळ्या कपड्यांतली माणसं विशीतल्या सारोमला "शिकायला नेतो" म्हणून घेऊन गेली. तसं नेलेलं कुणी परत आलं नाही. तरी विहारात मेलेल्यांची नावं घेताना मावशीने त्याचं नाव कधी घेऊ दिलं नाही. जिवंत माणसाचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं, म्हणायची.

पण नाव घेतलं नाही, तर पितराला भात पोचत नाही. तो एका विहारातून दुसऱ्या विहारात उपाशी हिंडतो...

मी तिला तेच सांगितलं आणि घुमणाऱ्या खोलीत नेलं.

त्या खोलीत भिंतीला पाठ लावून छातीवर मूठ मारली की आवाज घुमतो. हाक मारा, टाळी वाजवा... काही घुमत नाही.

मावशीने मूठ मारली. खोली घुमली.

मग ती हळूच म्हणाली, "अहो... असाल तर बोला."

शांतता...

वरची वटवाघळंही गप्प झाली.

आणि भिंतीतून आवाज आला. पुरुषाचा. कोवळा, विशीतला.

"अगं, जेवलीस का?"

आमच्याकडे कुणीही भेटलं की आधी हेच विचारतात. पण खोलीत आम्ही दोघंच होतो.

मावशी भिंतीकडे वळली. भिंतीला गाल लावून रडत म्हणाली, "जेवले. मी रोज जेवले हो."

दुसऱ्या पहाटे तिने विहाराभोवती फिरत भाताचे गोळे अंधारात टाकले आणि पहिल्यांदा सारोमचं नाव घेतलं. मलाही रडू आवरेना.

पंधरवडा संपला. पितर परत गेले असणार. मावशी मात्र अजून दोन ताटं वाढते. परवा तिच्या घरी गेलो तेव्हा म्हटलं, "आता बास ना, मावशी."

"अजून विचारतात रे ते," ती म्हणाली.



तिच्या घराचा जिना चढताना... मीही ते "जेवलीस का?" ऐकलं होतं.