पिनबॉलचे दोन लाल दिवे

समीक्षा पडली रविवारी पावणेचारला, आणि सोमवारी सकाळपर्यंत अख्ख्या नौपाड्याला गुन्हेगार ठाऊक झाला होता. ठाऊक नव्हता तो फक्त पोलिसांना.

"मशीनमधून शॉक बसला," गेम पार्लरचा मालक सुशांत उपनिरीक्षक आसावरी म्हात्रेला सांगत होता. "या रघुने मला न विचारता लाइटशी खेळ केला. पोरीच्या डोक्याला सहा टाके पडले. तिच्या आईने तक्रार दिलीय. घाला याला आत."

रघु पार्लरचा मेकॅनिक. खडवलीहून रोज येणारा, चाळिशीचा, हात पुसायचं फडकं खांद्यावर. मान खाली घालून तो पिनबॉलच्या मशीनशेजारी उभा होता.

हे मशीन म्हणजे सुशांतचा जीव. स्टीलची गोळी उडवायची, दोन पात्यांनी ती खाली पडू द्यायची नाही, आणि टोला बसला की काचेखाली रंगीत एलईडी नाचायला लागतात.

"काय खेळ केलास, रघु?"

"जिलेटीन लावलेलं, मॅडम. कंदिलाला लावतात ना, तसलं. गडद जांभळं."

"कशाला?"

"जॅकपॉट लागला की हे सहा मोठे दिवे फटाफट मारतात. समीक्षाताईंच्या डोळ्यांना लागायचे. त्या तोंड फिरवायच्या आणि गोळी खाली जायची. म्हणून सहाही झाकले."

आसावरीने काच काढायला लावली आणि वाकून पाहिलं. दोन दिवे पांढरे, दोन निळे, दोन लाल. पांढरे-निळे झाकलेले होते. लाल मात्र दोन्ही उघडे.

"सहा म्हणालास."

रघुचं तोंड उघडंच राहिलं. "सहाच लावलेले मॅडम."

कागद ओढून फाडलेला नव्हता. कुणीतरी नखाने कड उचलून सावकाश सोडवला होता.

"काच कोण उघडू शकतं?"

"चावी इथे खिळ्यालाच असते. रोज येणाऱ्यांना पण माहितीये."

"रविवारी तू कुठे होतास?"

"तीनला जेवायला गेलेलो, वीसेक मिनिटं. ताई तेव्हाच आल्या. एरवी सहाच्या आधी नाही येत. म्हणाल्या, हर्षित येणारेत खेळ बघायला. लग्न ठरलंय त्यांचं."

सोबत आणलेल्या वायरमनने मशीनची टेस्ट केली. कुठेही करंट उतरत नव्हता. पण त्याच्या तोंडी बोलण्याला काय किंमत? सरकारी अहवालाला पंधरा दिवस लागणार होते, आणि वरिष्ठांना कागदावर आजच एक नाव हवं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची आपल्याकडे घाईच फार. आसावरीला स्वतःच्याच खात्याची चीड आली.

*

हॉस्पिटलमध्ये समीक्षा डोक्याला पट्टी बांधून पडली होती. कोपरहून आलेली तिची आई, मीराबाई, तिचा हात सोडायला तयार नव्हती.

"काकू, ही आधी कधी अशी पडली होती?"

"कधीच नाही. ठणठणीत आहे माझी पोर."

"या गोळ्या कसल्या?" उशाशी पाकीट होतं. त्यावरचं नाव ब्लेडने खरवडलेलं होतं.

"ॲसिडिटीच्या."

"समीक्षा, तू सांग. काय झालं?"

समीक्षाने आईकडे पाहिलं. "मला बोलता येणार नाही, मॅडम. शपथ आहे."

"अजून भ्रमात आहे," मीराबाई घाईने म्हणाली.

बाहेर हर्षित भेटला. भला मुलगा दिसत होता.

"आम्ही लग्न अलीकडे घेतोय, मॅडम. घरच्यांना फार वाईट वाटलं. तिनेच बोलावलेलं मला. जॅकपॉट बघाच म्हणाली. लागला तेव्हा वाकून, टक लावून बघत होती आणि एकदम पडली."

डॉक्टरांना आसावरीने जिन्यात गाठलं.

"शॉकची खूण आहे अंगावर?"

"नाही. बाकी काही विचारू नका. आईने बोलायला मनाई केलीय."

"पेशंटचं नको. नुसतं सांगा, फिट येणाऱ्याला कसला उजेड वाईट?"

"लुकलुकता," डॉक्टर म्हणाले. "त्यातही लाल."

*

आसावरी पुन्हा खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

"काकू, हिला फिट येतात. गोळ्या त्याच्याच आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तुम्ही स्थळाला सांगितलं नाहीत."

मीराबाईने गोळ्यांचं पाकीट उशीखाली सरकवलं.

"सुशांतला मशीन चमकदार हवं असतं, तर त्याने सहाही कागद काढले असते. रघुला काढायचे असते, तर त्याने लावलेच नसते. फक्त लाल उघडे केले ते अशा माणसाने, ज्याला लाल उजेडाने काय होतं ते ठाऊक आहे. ते तुम्हा दोघींनाच ठाऊक. तुम्ही रविवारी कोपरला होतात. ही मात्र तीन तास आधी आली, रघु जेवायला गेल्यावर हिने चावी घेतली. आणि एरवी तोंड फिरवणारी ही पोरगी त्या दिवशी टक लावून बघत राहिली."

"स्वतःहून कोण फिट आणेल, मॅडम?"

"तुम्ही काय शपथ घातलीत हिला?"

"सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हटलेलं." मीराबाई म्हणाली. "दोन स्थळं मोडली हो आधी."

समीक्षाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शपथ न मोडता हर्षितला कळावं, एवढीच तिची धडपड. पण ती शुद्धीवर येईपर्यंत आईने शॉकची हाकाटी केली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि त्यात बिचारा रघु सापडला. आसावरीला तिचा रागही आला आणि तिच्या केसांवरून हात फिरवावासाही वाटला.

"मॅडम," मीराबाई हात जोडून म्हणाली, "कागदावर तेवढं शॉकच राहू द्या ना."

"मग रघुला अटक होईल, काकू."

मीराबाईने जोडलेले हात खाली घेतले.

"किती दिवस?" तिने विचारलं.

तेवढ्यात हर्षितने दार ढकललं. हातात घरून आणलेला डबा होता. समीक्षा कोपरावर भार देऊन उठून बसली.

"हर्षित, मला फिट येतात. सातवीपासून. शॉक बसला नव्हता, दिव्यांवरचा कागद मीच काढलेला."

मीराबाईने पदर तोंडात कोंबला. हर्षितने डबा टेबलावर ठेवला.

"घरी विचारून कळवतो," तो म्हणाला आणि दार हळूच ओढून घेऊन गेला.

समीक्षाने आईकडे पाहिलं नाही.

"मॅडम, रघुदादाला सोडा," ती म्हणाली. "जबाबावर मी सही करते."