साडेचारच्या आत

“आज मेलो,” असं तो मराठीत म्हणाला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

डिसेंबरातला पहिला गुरुवार. जेद्दा बंदरात पर्यटकांचं जहाज सकाळी सातला लागलं होतं आणि समुद्रावर जायला निघालेल्या लोकांची रांग माझ्या काउंटरपासून थेट दारापर्यंत गेली होती. त्या रांगेच्या तोंडाशी, माझ्या काउंटरला खेटून, जहाजाचा पांढरा शर्ट घातलेला एक उंच मुलगा उभा. एका हातात सहा नंबरची पाटी, दुसऱ्या काखेत टॉवेलांची ही एवढी चवड. पाटी सावरावी तर टॉवेल घसरत होते, टॉवेल धरावेत तर पाटी.

“मरायचंच असेल तर बसमध्ये बसून मरा,” मी मान वर न करता म्हटलं. “रांग अडवू नका.”

तो वळला, आणि सगळे टॉवेल माझ्या काउंटरवर सांडले.

“तुम्ही... मराठी?”

“बाणकोट. तुम्ही?”

“हर्णे,” तो म्हणाला, आणि असा हसला की – जाऊ दे. एखाद्या शहाण्या मुलीनं त्याच दिवशी काउंटर बदलून मागितला असता.

मी काही शहाणी नव्हते. मी रईसा, वय चोवीस, नोकरी एका टूर कंपनीत. जहाजातून उतरणाऱ्या माणसांचा समुद्रावरचा दिवस आखून देणं हे माझं काम. कुठली बस किती वाजता सोडायची, ओबहूरच्या किनाऱ्यावर किती छत्र्या लागतील, न्हाणीघरं दोनच आहेत म्हणून दोन बसच्या मध्ये किती मिनिटं ठेवायची, हे सगळं मी बसल्या जागी सांगू शकते. तांबडा समुद्र तांबडा का नाही, या प्रश्नाचं उत्तरही मी दिवसातून चाळीसदा देते. जहाज पाचला सुटतं, पण प्रत्येकानं साडेचारच्या आत परत यायचं. जे येत नाहीत त्यांच्यासाठी जहाज थांबत नाही.

तो मुआज. जहाजावर पोहण्याच्या तलावापाशी टॉवेल द्यायचं त्याचं काम. प्रत्येक बसबरोबर जहाजाचा एक माणूस पाटी घेऊन जातो. ज्याला जमीन बघायची हौस असते तो आपली झोप सोडून हे काम मागून घेतो. मुआजनं ते दर गुरुवारी मागून घेतलं. जहाज बंदरात असताना काही लोकांना वरच थांबावं लागतं, त्याला पोर्ट मॅनिंग म्हणतात. ती पाळी टाळायला तो दुसऱ्यांच्या पाळ्या आपल्या अंगावर घ्यायचा.

“अकबाला मी वर, सफागाला मी वर,” चौथ्या गुरुवारी तो सांगत होता. “एवढी बंदरं फिरलो, बघितलं फक्त जेद्दा. आणि जेद्दामधलं काय बघितलं, तर तुझा काउंटर.”

“तुमचा म्हणा. आणि कसा आहे काउंटर?”

“काउंटर ठीक आहे. मागची मुलगी जरा तिखट आहे.”

“कोकणातली आहे. सोलकढी समजून प्यायला गेलात तर ठसका लागणारच.”

“लागला,” तो म्हणाला. आणि पाटीच्या दांड्याशी चाळा करत उभा राहिला. मीही यादीतलं एकच नाव तीनदा वाचलं.

बस भरायला अकरा मिनिटं लागतात. आमचं प्रेम अकरा-अकरा मिनिटांचं होतं. एखाद्या गुरुवारी कुणा आजीबाईचा चष्मा हरवला की पंधरा मिनिटं मिळायची, आणि मी मनातल्या मनात आजीबाईला दुवा द्यायचे.

मग फेब्रुवारी आला. जेद्दाचा हंगाम संपत आला आणि जहाज नऊ महिन्यांसाठी कॅरिबियनला जाणार असल्याचं कळलं.

“तिथं एका दिवशी पाच-पाच जहाजं लागतात,” मुआज म्हणाला. “किनाऱ्यावर टॉवेल टाकायला जागा नसते. तुझ्यासारखी कुणीतरी तिथं पाहिजे.”

“मग विचारून बघ तिला,” मी म्हटलं.

तो पाटीकडं बघत राहिला. बस भरली होती.

इकडं घरी अब्बांनी सौदीच्याच खोबर शहरातलं स्थळ आणलं होतं. नबील नावाचा इंजिनियर. मुलगा दिसायला कसा, पगार किती, यातलं काही अब्बांनी सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, “रोज साडेपाचला घरी येतो.” हे सांगताना त्यांचा आवाज असा भरून आला की मला हसायला आलं. खोबरच्या लोकांना गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. तोच गुरुवार जहाजाचा शेवटचा होता.

त्याच्या आधीच्या गुरुवारी सहा नंबरची पाटी दुसऱ्याच कुणाच्या हातात होती. मुआजला पाळी बदलून मिळाली नसेल असं समजून मी दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिले. आता उरला एकच गुरुवार, आणि अकरा मिनिटांत कुठला मुलगा लग्नाचं विचारतो? म्हणून मी माझं काम केलं. समुद्रावरचा एक दिवस आखला... या खेपेला माझा.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या मेहेकला मी काउंटरवर बसवलं. ती हैदराबादची, मनकवडी. “जा, लेकिन हाँ सुनके ही आना,” म्हणाली. सहा नंबरच्या बसची गाइड म्हणून मी माझं नाव घातलं. दहा वाजून पाच मिनिटांनी बस सुटणार, दहा पन्नासला किनारा, अडीचला परतीची बस. म्हणजे तीन तास चाळीस मिनिटं. त्यातला अर्धा तास पर्यटकांच्या प्रश्नांना. एक तास मुआजला धीर गोळा करायला. पाच मिनिटं त्याला विचारायला. आणि उरलेला सगळा वेळ मला लाजायला... सावकाश.

गुरुवार उजाडला आणि बंदरात एकाऐवजी दोन जहाजं. दुसरं आदल्या दिवशी यायचं होतं, ते उशिरानं आलं. एका दिवसात साडेचार हजार माणसं. फाटकावर बसच्या मागं बस अडकली. बसमध्ये मुआज सगळ्यात पुढं पाटी मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्या शेजारच्या गाइडच्या सीटवर. इतके गुरुवार आम्ही एकमेकांसमोर उभे राहिलो होतो, शेजारी बसलो ते पहिल्यांदाच. त्याच्या बाहीला धुतलेल्या टॉवेलांचा वास येत होता. आणि तो माझ्याकडं बघत नव्हता.

“बोल ना काहीतरी,” मी हळूच म्हटलं.

“उशीर होतोय.”

“ते माझं वाक्य आहे. तुझं बोल.”

तो हसला, पण ते हर्णेचं हसू नव्हतं.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. छत्र्या संपलेल्या, न्हाणीघरासमोर पन्नास माणसं. एका आजोबांची चप्पल लाटेनं नेली, एक बाई उन्हानं लालबुंद होऊन रडत होती. मी इकडं धावत होते, मुआज तिकडं टॉवेल वाटत होता. मध्ये तो बर्फाचं पाणी घेऊन आला, बाटली माझ्या हातात दिली आणि क्षणभर सोडलीच नाही... मग सोडली. दीड वाजता कुठं आम्हाला बुटक्या भिंतीपाशी हातभर सावली मिळाली. समोरचं पाणी निळंशार होतं आणि आमच्याकडं एक तास होता.

“आता विचार,” मी म्हटलं. लाज वगैरे सगळं मी आखणीतून काढून टाकलं होतं.

“विचारलं,” तो म्हणाला.

“कधी?”

“मागच्या गुरुवारी. तुझ्या अब्बांना.”

बलदच्या बाजारात शिवणयंत्रांच्या दुकानात अब्बा काम करतात, हे मीच कधीतरी त्याला सांगितलं होतं. पाटी दुसऱ्याला देऊन हा पठ्ठ्या बंदरातून थेट तिथं गेला होता.

“चहा पाजला त्यांनी,” मुआज सांगू लागला. “सगळं नीट ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, ‘तू लहान असताना तुझा बाप कुठं होता?’ म्हटलं, जहाजावर. ‘आणि आई?’ म्हटलं, हर्णेला, वाट बघत. तर म्हणाले, ‘मग तुला मी वेगळं काय सांगू, बाळा? मी चौदा वर्षं माझ्या बायकोला वाट बघायला लावली. पोरीला नाही लावणार.’”

मला अम्मा आठवली. अब्बा दोन वर्षांतून एकदा पस्तीस दिवसांसाठी यायचे. पहिले दहा दिवस अम्मा हसत असायची. नंतरचे पंचवीस दिवस ती त्यांच्या जाण्याची तयारी करायची. त्यांच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, मी नऊ वर्षांची झाले, तेव्हा कुठं आम्हाला जेद्दाला यायला मिळालं.

“आणि तू काय म्हणालास?” मी विचारलं.

“काय म्हणणार? खरं तेच बोलले ते.” त्यानं मूठभर वाळू घेतली आणि टाकून दिली. “जहाज सोडून मला दुसरं काही येत नाही, रईसा. नऊ महिने पाण्यावर, दोन महिने घरी. आमचे अब्बू आले की मी दाराआड लपायचो, आणि आई म्हणायची, अरे ये, तुझेच आहेत. ते... ते मी तुझ्या घरात आणू? तुझ्या अब्बांनी सांगितलं, खोबरवाला रोज घरी येतो. तू हो म्हण.”

“हे तू मला सांगायला आलास? समुद्रावर?”

“तुला बघायला आलो. हे सांगायचं होतं म्हणून आठवडाभर जेवलो नाही नीट.” त्यानं हातावरची वाळू झटकली. “प्रेम आहे म्हणूनच सांगतोय ना.”

पहिल्यांदा म्हणाला तो शब्द. इतके गुरुवार मी त्याची वाट बघितली होती, आणि आला तर हा असा. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग.

“वा. म्हणजे तुम्ही दोघांनी चहा पिता पिता ठरवून टाकलं,” मी म्हटलं. “वाट मी बघणार होते ना? मग मला कुणी विचारलं? अब्बांनी अम्माला विचारलं नव्हतं, तू मला विचारलं नाहीस. बघवेल की नाही बघवणार, ते माझं मला ठरवू दे की.”

“तू हो म्हणालीस तर?”

“मग?”

“तीच भीती आहे,” तो म्हणाला.

त्याचा हात वाळूत माझ्या हातापासून चार बोटांवर होता. त्यानंही तो हलवला नाही, मीही नाही. अडीच वाजले तसे आम्ही उठलो आणि माणसं गोळा करायला लागलो. चप्पल हरवलेल्या आजोबांना त्यानं आपली चप्पल दिली आणि स्वतः अनवाणी बसमध्ये चढला. असल्या माणसाला सोडायचं म्हणजे काय करायचं, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

परतीच्या वाटेवर सगळी बस झोपली होती. कॉर्निशवरून जाताना अब्बांचा फोन आला.

“बाळा, खोबरहून विचारतायत. काय सांगू?”

मी शेजारी बघितलं. मुआज डोळे मिटून बसला होता, पण जागा होता. पापण्या हलत होत्या.

“थोड्या वेळानं सांगते, अब्बा,” मी म्हटलं.

बंदरावर पोचायला चार वाजून पंधरा मिनिटं झाली. दोन्ही जहाजांचे लोक एकाच वेळी परतत होते. मी बसच्या दारात उभी राहून चव्वेचाळीस माणसं उतरवून घेतली, मुआजनं आपली पाटी पाट्या गोळा करणाऱ्याच्या हवाली केली. मग तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला, आणि मी त्याच्याबरोबर चालत गेले. फाटकापर्यंतच जाता येतं. पलीकडं कार्ड दाखवून फक्त जहाजाची माणसं.

समोरचे दहा जण आत गेले. मग पाच उरले.

“मुआज,” मी म्हटलं, “एकदा विचार. मी नाही म्हणणार आहे, घाबरू नकोस. खोबरलाही नाही आणि तुलाही नाही. पण मला कुणी विचारलंच नाही, असं मनात घेऊन मला जन्म काढायचा नाही.”

“नाही म्हणशील? नक्की?”

“नक्की.”

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. उन्हानं त्याचं नाक सोललं होतं. तीनच माणसं पुढं होती.

“रईसा,” तो म्हणाला, अगदी हळू, “मी जातोय... नऊ महिने. मग दोन महिने येईन, मग परत जाईन. असंच चालणार. माझ्यासाठी थांबशील?”

‘नाही’ माझ्या जिभेवर तयार होतं. बसमध्ये मी ते मनात पन्नास वेळा म्हणून बघितलं होतं.

“हो,” मी म्हणाले.

त्याच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही. त्याचे डोळे भरून आले. आपल्या आईला त्यानं असंच दारात उभं राहिलेलं बघितलं असणार.

“असं नको होतंस बोलायला,” तो म्हणाला.

“बोलले आता.”

“यल्ला, यल्ला,” फाटकावरचा शिपाई पुढं चला असा हात हलवत म्हणाला. मुआजनं कार्ड दाखवलं. यंत्र वाजलं. तो अनवाणी पायांनी पलीकडं गेला, थांबला, वळला. काहीतरी बोलला, पण दुसऱ्या जहाजाचा घोळका मध्ये आला आणि मला ऐकू आलं नाही.

मी फाटकाच्या जाळीपाशी उभी राहून अब्बांना फोन लावला.

“नाही म्हणून सांगा, अब्बा.”

मग त्यांनी विचारलं, “त्या पोरानं विचारलं तुला?”

“मीच विचारायला लावलं.”

“अम्माला काय सांगू?”

“काही सांगू नका,” मी म्हटलं. “तिला मी घरी आले की नुसतं बघून कळेल.”

साडेचार वाजले होते. जहाज सुटायला अजून अर्धा तास होता. दोर बांधलेले, शिडी लागलेली, तो माझ्यापासून दोनशे पावलांवर. आणि माझं वाट बघणं सुरू झालं होतं.