आभारी आहे, आमोस

आमच्या केंटकीत तेव्हा मत लपवून देत नसत. मतदार टेबलापाशी येऊन मोठ्यानं नाव घेई, समोर बसलेला तो उमेदवार उठून त्याचे आभार मानी, आणि कारकून वहीत नोंद करी. आमच्या गावचा कारकून मीच होतो.

१८५९ चा ऑगस्ट. गुलामगिरीवरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. वॉशिंग्टनच्या काँग्रेसवर लेवी टार्पलीलाच पाठवायचं, असं निम्मं गाव म्हणत होतं. लेवी माझा बालमित्र. शाळेत बक्षीस त्याला, सुपीक जमीन त्याला, आणि जिच्यासाठी मी तीन वर्षं झुरलो ती टॅबिथाही त्यालाच. जळत होतो मी, खोटं कशाला बोलू?

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी त्यानं कुंपणावरून हाक मारली.

"आमोस, नदीच्या उताराला पाणी किती आहे रे? उद्या मतदानाला तिथूनच जाईन म्हणतो."

मी नुकताच बघून आलो होतो. माणूस बुडेल इतकं होतं.

"घोड्याच्या गुडघ्याएवढं. जा बिनधास्त."

पहाटे मी मात्र मतदानाला पुलाच्या लांबच्या वाटेनं गेलो.

दुपारी लेवी आला. नखशिखांत भिजलेला. खुर्चीत बसला, आणि खोलीभर नदीच्या गाळाचा वास पसरला. वाचला मेला! माझा तिळपापड झाला. तो कुणाशीच गप्पा मारेना. त्याचं नाव घेतलं की उठायचा, हळूच म्हणायचा, "आभारी आहे..."

सगळ्यांत शेवटी कारकुनाचं मत. मी त्याच्या डोळ्यांत बघून विरोधकाचं नाव घेतलं, "जेथ्रो कॉब!"

कॉब उठायच्या आतच लेवी उठला.

"आभारी आहे, आमोस..."

"मी तुझं नाव घेतलेलं नाही."

तो नुसता हसला. इतक्यात दारात गिरणीवाला आला, टोपी हातात घेऊन. "लेवी सापडला... सकाळपासून पाण्यात होता बिचारा."

आम्ही सगळे वळलो. खुर्ची रिकामी होती. खाली पाण्याचं थारोळं.

दीड वर्षानं टॅबिथा मला हो म्हणाली. चर्चमध्ये लग्नाची शपथ घेताना सगळ्यांसमोर तिनं माझं नाव मोठ्यानं घेतलं. त्या एका नावासाठी मी काय काय केलं होतं! मी तोंड उघडणार, तोच मागच्या बाकावरून आवाज आला.

"आभारी आहे..."

मागं वळायची माझी हिंमत झाली नाही. टॅबिथा वळली. तिच्या गालांवर लाली चढली. माझ्यासाठी ती कधीच चढली नव्हती.

हल्ली ती दिवसातून कितीतरी वेळा माझं नाव घेते. मी ओ देतो. ती माझ्याकडे बघतही नाही, कान देऊन थांबते.