भट्टीची शेवटची भिंत

कोल्हापूरला लोक देवीसाठी येत, रश्श्यासाठी येत, चपलांसाठी येत. गिटारवाल्या पोरांचे जुने पत्ते शोधत लोक इथे पायपीट करतील, असं पन्नास वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर त्याला रंकाळ्यात बुचकळून काढलं असतं. पण आता दर रविवारी सकाळी ‘भट्टी फेरी’ निघे. ‘भट्टी’ हा उद्यमनगरातल्या पोरांचा रॉक बँड. त्याच्या तालमीच्या, भांडणाच्या आणि कार्यक्रमांच्या जागा दाखवत ही फेरी गावभर हिंडे आणि त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला त्या फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, शेडमध्ये संपे.

फेरीची वाटाड्या होती रेवती इंगवले. बँडचा ड्रमर यशोधन इंगवले हा तिचा बाप. त्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. ‘धग’ हे बँडचं गाणं आज शाळकरी पोरांनासुद्धा पाठ होतं, आणि ते आपण केलं असं यशोधन मरेपर्यंत सांगत राहिला. गाव हसलं. ढोल बडवणाऱ्याला कधी चाल सुचते होय? गिटार वाजवणारा, गाणारा आणि पुढे देशभर नाव काढणारा विश्राम सासने सांगे की ‘धग’ त्याला त्या फौंड्रीत, भर मंचावर, लोकांसमोर सुचलं. गावाने विश्रामचं ऐकलं. कुणी फार फुगवून सांगू लागला की ‘इंगवल्याची थाप’ असं म्हणायची गावात रीतच पडली. आणि नशिबाचा खेळ असा, की फेरीच्या ठरलेल्या मजकुरात विश्रामचीच गोष्ट होती. दर रविवारी रेवतीला ती हसऱ्या चेहऱ्याने सांगावी लागे.

आज शेवटची फेरी होती, कारण उद्या फौंड्री पाडणार होते. म्हणून खास पाहुणा म्हणून खुद्द विश्राम सासने आला होता. पंचाहत्तरीला टेकलेला, काळा शर्ट, पांढरी शेंडी, कानात कर्णयंत्र. आयुष्यभर स्पीकरच्या पुढ्यात उभं राहून त्याचे दोन्ही कान कामातून गेले होते. यंत्राशिवाय त्याला आपलाही आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे तो स्वतःशी पुटपुटला तरी ते गल्लीच्या तोंडापर्यंत जाई.

आणखी एक पाहुणी होती. विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातली डॉ. मृदुला चिकोडे. तिच्या हातात पत्र्याच्या डब्याएवढं एक यंत्र होतं.

पहिला थांबा होता एका तालमीची माडी. खाली पैलवान शड्डू ठोकत आणि वर ‘भट्टी’ त्याच ठेक्यावर वाजवी. मृदुलाने यंत्र भिंतीसमोर तिकाटण्यावर ठेवलं.

“हा नादवेचक,” ती म्हणाली. “सासनेकाका, तुम्ही जिथं वाजवायचात तिथली मागची भिंत आधी स्वतः चुन्याने रंगवायचात ना?”

“व्हय तर! एकच दिवा असायचा आमच्याकडं. भिंत पांढरी असली की उजेड दुप्पट.” विश्राम खुशीत आला. “सकाळी गोणपाटानं भिंत भिजवायची, मग चुना मारायचा. ज्यादा डिंक घालून.”

“डिंक ज्यादा का?”

“काळे शर्ट आमचे! भिंतीला टेकलं की पाठ पांढरी व्हायची, लोक हसायचे. दुप्पट डिंक घातला की चुना अंगाला लागत न्हाई.”

“तो डिंकच आपल्या कामाचा आहे,” मृदुला म्हणाली. “साईवर सुरकुत्या पडतात तसं समजा. डिंक वाळत असताना खोलीत जो आवाज होतो, त्याच्या थरथरीने डिंकात अतिसूक्ष्म वळ्या पडतात. पुरता वाळला की त्या तशाच राहतात. आम्ही त्याला नादवळ्या म्हणतो. या यंत्रातला प्रकाशकिरण त्या वळ्या मोजतो आणि पुन्हा आवाज करून देतो. साध्या चुन्याच्या भिंती मुक्या असतात. तुमच्या बोलतात, कारण तुम्हाला शर्टांची काळजी होती.”

लोक हसले. मृदुलाने कळ दाबली. यंत्रातून आधी खरखर आली, मग एक किंचाळी. विश्रामने कळवळून कर्णयंत्र काढलं आणि खिशात टाकलं. खरखर निवली. कुंचल्याचे फटकारे ऐकू आले आणि त्यामागून एक तरुण, मोकळा आवाज: “विश्र्या, तुझा कप तू धू. मी काय तुझी बायको हाय?” आणि हसणं.

रेवतीने भिंतीला हात लावला. बापाचं तरुणपणीचं हसणं तिने कधी ऐकलंच नव्हतं. तिच्या आठवणीत होता तो लेथवर वाकलेला, फारसं न बोलणारा माणूस. तिला रडू फुटलं आणि तिने ते लपवलंही नाही.

विश्राम सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होता. “काय झालं? काय म्हणाली भिंत?” त्याने कर्णयंत्र पुन्हा कानात घातलं. मृदुलाने तोच तुकडा पुन्हा, हळू आवाजात लावला.

विश्रामचा चेहरा पडला. त्याने विचारलं, “हे… फौंड्रीतल्या भिंतीवर बी चालतंय?”

“तिच्यासाठीच तर आले आहे,” मृदुला म्हणाली. “शेवटच्या कार्यक्रमाच्या सकाळी तुम्ही दोघांनी चुना मारला होतात. ती सगळी सकाळ तिच्यात असणार.”

रेवती विश्रामकडे बघत होती. बापाने तिला एवढंच सांगितलं होतं: त्या भिंतीपुढं चुना मारता मारता मी विश्रामला गाणं शिकवलं, ओळीमागून ओळ. ते खरं असेल तर आज दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळणार होतं. आणि बाप खरंच थापा मारत असेल तर तेही कळणार होतं. या दुसऱ्या विचाराने तिला सकाळचा चहासुद्धा गेला नव्हता.

“आणि भिंत मधे भिजली असंल तर?” विश्रामने विचारलं. “पावसानं, गळतीनं?”

“मग संपलं. डिंक मऊ होतो, वळ्या जातात. जुना आवाज कायमचा पुसला जातो. पण ती भिंत आतल्या बाजूची आहे, कोरडी आहे. मी परवाच पाहून आले.”

तेवढ्यात कुणीतरी तोच तुकडा परत मागितला. यंत्र पुन्हा किंचाळलं आणि विश्रामने कर्णयंत्र काढून खिशात टाकलं. कोपऱ्यातल्या एका बाईंनी विचारलं, भिजल्यावर भिंत कायमची मुकी होते का? मृदुला त्यांना म्हणाली, “नाही हो. डिंक तोच असतो. पुन्हा वाळू लागला की पुन्हा धरतो. म्हणजे कुठलीही भिंत आपल्या शेवटच्या ओलीच्या वेळचं काय ते सांगते.” विश्राम खिडकीतून खालचा हौद बघत होता.

माडीवरून उतरताना तो रेवतीला म्हणाला, “पोरी, गुडघं बोंबलायला लागल्यात. तुम्ही दुकान बघून या. मी रिक्षानं फुडं जातो, फौंड्रीत बसतो सावलीला.”

दुसरा थांबा होता रेडिओ दुरुस्तीचं जुनं दुकान. ‘भट्टी’चे स्पीकर तिथे एका मोडक्या कपाटाच्या फळ्यांपासून बनले होते. रेवती ती गोष्ट नेहमी रंगवून सांगे. आज तिचं लक्ष नव्हतं. वैशाखाचं ऊन चढत होतं, लोक उसाचा रस प्यायला थांबले आणि तिला एकेक घोट डोंगराएवढा वाटू लागला.

“सासने पुढं गेलेत,” ती मृदुलाला हळूच म्हणाली. “एकटे.”

“म्हातारा माणूस आहे. भिंत काय उचलून नेणार आहे?”

“उचलून कशाला न्यायला पायजे?”

मृदुलाच्या हातातला ग्लास तसाच राहिला. मग दोघींनी लोकांना उठवलं.

फौंड्रीच्या शेडमध्ये पत्रा तापून आग ओकत होता. पाडकामाची धूळ बसवायला दारात पाण्याचं पिंप ठेवलं होतं. विश्राम एका उलट्या घमेल्यावर बसला होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कर्णयंत्र अजून खिशातच. पिंपाच्या कडेला एक गोणपाट वाळत पडलं होतं.

रेवती भिंतीजवळ गेली. भिंत कोरडी होती, पण मधला मोठा पट्टा आजूबाजूपेक्षा स्वच्छ दिसत होता आणि खाली जमिनीवर पांढऱ्या पाण्याचे ओघळ सुकले होते.

ती वळली. “तुम्ही भिंत पुसलीत.”

विश्रामला ऐकू आलं नाही, पण कळलं. “धूळ किती बसली हुती!” तो खणखणीत आवाजात म्हणाला. “म्हटलं, शेवटचा दिवस, जरा स्वच्छ करू. आमची जुनी सवयच हाय.”

“काका, त्यात माझा बाप होता.” ती ओरडली. “चाळीस वर्षं हसलात त्याला. एवढी एक सकाळ शिल्लक होती त्याची!”

मृदुला गुडघ्यावर बसून त्या पट्ट्यावरून बोट फिरवत होती. मग तिने पत्र्याकडे पाहिलं, ओघळांकडे पाहिलं आणि नादवेचक मांडायला घेतला.

“आता कशाला?” रेवती म्हणाली. “तुम्हीच सांगितलंत, पुसलं की गेलं.”

“जुनं गेलं.” मृदुलाने किरण भिंतीवर जुळवला. “पण ही तासाभरापूर्वी ओली होती आणि या उन्हात इथंच वाळली. वाळत असताना शेडमध्ये कोण होतं?”

रेवतीने घमेल्यावरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो समाधानाने पाय हलवत होता.

मृदुलाने कळ दाबली.

आधी गोणपाटाचं फरफर घासणं. पाण्याचे शिंतोडे. धापा. मग एक आवाज, म्हातारा, घोगरा आणि भलताच मोठा, कारण बोलणाऱ्याला आपण किती जोरात बोलतोय याचा पत्ता नव्हता.

“बोल की आता, यशा! बोल! गाणं तुझं हुतं म्हणून सांग की! हितंच उभं करून शिकवलंस न्हवं? कुंचला हातात, आन् एकेक ओळ घोटून घेतलीस माझ्याकडनं… ‘राखंखालची धग विचारती, फुंकर कोण घालंल रं…’ दोनदा चुकलो तर शिवी घातलीस. आता घाल शिवी! जन्मभर तुझं गाणं गायलो मी, आन् तुझी पोरगी लोकांस्नी सांगती, विश्रामला सुचलं म्हणून! जा, पाण्यात जा आता.”

मग घासणं थांबलं. बराच वेळ नुसता श्वास. आणि त्या श्वासातून, सुरात, अगदी हळू गुणगुणणं. ‘धग’चीच चाल.

शेडमधल्या सगळ्या माना विश्रामकडे वळल्या. त्याने भुवया उंचावल्या.

“काय?” तो गरजला. “मुकी हाय न्हवं भिंत?”

रेवती त्याच्यापाशी गेली, वाकली, त्याच्या खिशातून कर्णयंत्र काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. मग मृदुलाला म्हणाली, “पुन्हा लावा. हळू. किंचाळायला नको.”

विश्रामने आपलाच आवाज ऐकला. पहिल्या वाक्याला तो उठायला गेला आणि परत घमेल्यावर बसला. ‘घाल शिवी’ला त्याने डोळे मिटले. गुणगुणणं संपेपर्यंत तो एकदम खंगल्यासारखा दिसू लागला. लोकांपैकी एकाने तोंडातल्या तोंडात म्हटलं, “म्हणजे इंगवल्याची थाप…” आणि पुढचं गिळलं.

विश्राम सावरून म्हणाला, “बाई, त्याच्याखाली… जुनं काय उरलंय का? यशा हाय का अजून त्यात?”

“नाही,” मृदुला म्हणाली. “तुम्ही चांगली घासलीत.”

तेव्हा म्हाताऱ्याने भिंतीकडे असं पाहिलं की रेवतीला, नको असतानाही, त्याची कीव आली. पण तिची चीड त्याहून मोठी होती. बाप खरा ठरला होता, आणि ते सांगायला त्याचा आवाज मात्र उरला नव्हता. तालमीच्या माडीवरचं एक हसणं आणि कपावरचं भांडण, एवढीच काय ती शिदोरी. तिने डोळे पुसले. लोक तिच्याकडे बघत होते. फेरी अजून संपलेली नव्हती, आणि शेवटच्या थांब्याचा मजकूर तिनेच सांगायचा होता.

ती नेहमीच्या जागी, भिंतीच्या डाव्या अंगाला उभी राहिली.

“ही ‘भट्टी’ची शेवटची भिंत,” ती म्हणाली. “इथं, चुना मारता मारता, माझ्या वडिलांनी, यशोधन इंगवल्यांनी, विश्राम सासन्यांना ‘धग’ शिकवलं. कुणी विचारलं की हे कशावरून, तर सांगा, सासने स्वतःच भिंतीला सांगून गेलेत.”