झाकणाखालची रेघ

नारिन गावच्या दवाखान्यात कालीपाची खोली म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. त्यात एक बाक, एक टेबल आणि टेबलावर कानयंत्रं तपासायची पेटी. यंत्र आत ठेवायचं, झाकण लावायचं, ठरावीक आवाज सोडायचा. यंत्र तो किती वाढवतं त्याची रेघ पडद्यावर उमटते. पेटी कुणाची भीडभाड ठेवत नाही, असं कालीपा कौतुकाने सांगायची.

जूनमध्ये मेदेर आपल्या आईला घेऊन आला. म्हातारी बूरूल ठार बहिरी, यंत्राशिवाय ढगांचा गडगडाटही ऐकू येत नसे. पण यंत्र घातलं की तिला थोरला मुलगा ताबाल्दी हाका मारताना ऐकू यायचा. ताबाल्दी तर मागच्या हिवाळ्यातच गेला. हिमवादळात घराच्या बंद दाराशी गोठून पडला होता. आत मेदेर होता. वादळात हाक ऐकूच आली नाही म्हणाला, आणि लोकांनी मानलं.

"वेड लागलंय हिला. यंत्र चांगलं आहे एवढं लिहून द्या ताई, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात ठेवून घेतील."

"धाकटा ना रे तू? आईला सांभाळायचं म्हणून तर घर धाकट्याला मिळतं!"

"म्हणून तर कागद हवाय. नाहीतर भाऊबंद तोंडात शेण घालतील."

कालीपाला त्याची किळस आली. यंत्रात काहीतरी खोट निघू दे, म्हातारी तरी सुटेल, असं मनाशी म्हणत तिने म्हातारीच्या कानातलं यंत्र काढून पेटीत ठेवलं. पण मेली खोट काही निघेना. हळू आवाज, मोठा आवाज, बारीक, जाड. रेघ हवी तिथंच.

शेवटी आवाज बंद करून यंत्राची स्वतःची खरखर मोजतात. तिने आवाज बंद केला. रेघ खाली बसली. मग माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत तेवढी वर चढली. थांबली. पुन्हा चढली.

तिने दुसरं यंत्र ठेवून पाहिलं. रेघ सपाट. पुन्हा बूरूलचं ठेवलं. चढली.

तिने बॅटरी काढून झाकण लावलं.

तरी चढली.

पेटी हाताला गार लागत होती.

"झालं का?" मेदेरने विचारलं.

बाकावरून म्हातारी म्हणाली, "उघड गं पोरी. किती वेळ उभा ठेवशील त्याला?"

कालीपाने झाकण उघडलं.

रेघ सपाट झाली. खोलीत ओल्या लोकरीचा वास आला. म्हातारीने सरकून आपल्या आणि मेदेरच्या मध्ये जागा केली.

"यंत्र चांगलं आहे," कालीपा कशीबशी म्हणाली, आणि तेच तिने लिहिलं. दुसरं काय लिहिणार!

कागदासाठी पुढे केलेला मेदेरचा हात तसाच राहिला. त्याने मान खाली घातली आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून, वडीलधाऱ्याशी बोलावं तसं, पुटपुटला, "हळू बोल ना, दादा. आई ऐकेल."